सरकारी वसतिगृह की स्वाधार?

बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला शिकायला येणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसमोर समाज कल्याण विभागाचे दोन मार्ग असतात: सरकारी वसतिगृह, किंवा स्वाधार योजना, म्हणजे बाहेर राहून शिकण्यासाठी बँक खात्यात मिळणारी रक्कम. घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात असेल, तर आमचं मत वसतिगृहाच्या बाजूने आहे. राहणं-जेवण मोफत, वर निर्वाह भत्ता, अडचणीला गृहपाल आणि पुढच्या वर्षांना शिकणारी मुलं. मात्र जागा मोजक्या, प्रवेश गुणांवर.

जागा हुकली तर स्वाधार. या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले: भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. बीड, हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. खोली, मेस आपल्या सोयीची. पण खरी अडचण वेळेची आहे: घरमालक अनामत जूनमध्ये मागतो, रक्कम मात्र बरीच उशिरा येते. तोवरची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर पहिल्याच सत्रात हुशार पोरं गावी परततात.

मंजूर पैसेही अडकतात, कारण बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. ते जूनआधी तपासा. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला हवा. ७५ टक्के हजेरीही सांभाळा. आणि वसतिगृहाचा अर्ज आधी भराच. स्वाधार आहे ती तिथे प्रवेश न मिळालेल्यांसाठी.