पाण्यातील मिथेन मोजणारा सेन्सर: जागा सापडते, पण धीर धरावा लागतो

भूखंडमंचावरील, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरील, गाळात सूक्ष्मजीवांनी तयार केलेला मिथेन समुद्रतळातून नेमका कोठे झिरपतो, हे शोधण्यासाठी आमच्या सर्वेक्षणात विरघळलेला मिथेन मोजणारा सेन्सर वापरला. पाण्यातील वायू सिलिकॉनच्या पातळ पडद्यातून उपकरणाच्या आतील पोकळीत शिरतात आणि तेथे अवरक्त किरण किती शोषले गेले त्यावरून मिथेनचे प्रमाण ठरते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात मिथेन दर लिटरला अवघा २ ते ४ नॅनोमोल (रेणूंची संख्या मोजण्याच्या ‘मोल’ या एककाचे अब्जांश) असतो, तर झिरपणाऱ्या जागेजवळ तो कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे अशी जागा ओळखण्याइतकी संवेदनशीलता उपकरणात निश्चितच आहे.

खरी अडचण वेळेची आहे. माहितीपत्रकात ‘त्वरित प्रतिसाद’ असे ठळकपणे छापले असले, तरी पडद्याच्या दोन्ही बाजूंचा वायू समतोलात यायला काही मिनिटे लागतात आणि पाणी थंड असेल तर त्याहून अधिक. जहाज दोन नॉट वेगाने चालले, तर पाच मिनिटांत ते सुमारे ३०० मीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे एकाच रेषेवरून जाताना आणि परतताना आलेख पाहिला, तर दोन्ही शिखरे खऱ्या जागेच्या विरुद्ध बाजूंना सरकलेली दिसतात. शिवाय आकडा चढतो त्या मानाने उतरायला रेंगाळतो, म्हणून लागोपाठ आलेल्या दोन जागा एकच लांबलचक टेकाड वाटू शकतात. सोबतचे सॉफ्टवेअर हा उशीर गणिताने दुरुस्त करते आणि ते बऱ्यापैकी जमतेही, मात्र पडद्यासमोरील पंप अखंड चालू असेल तरच. पंप नसलेला स्वस्त नमुना घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे उपकरण बुडबुडे मोजत नाही, हेही खरेदीपूर्वी समजून घ्यावे. बुडबुड्यांचे स्तंभ दिसतात ते बहुकिरणी प्रतिध्वनिमापकावर, म्हणजे एकाच वेळी अनेक दिशांना ध्वनी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणाऱ्या साधनावर. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत सुमारे ५७० झिरपणाऱ्या जागा २०१४ साली जाहीर झाल्या, त्याही अशाच ध्वनिमापनातून. पण वाताशय (शरीरातील वायूची पिशवी) असलेल्या माशांचे थवेही प्रतिध्वनिमापकावर फसवे प्रतिध्वनी देतात, आणि तेथे मात्र हा सेन्सर निवाडा करतो. दोन्ही साधने जोडीने वापरली, तरच पैसे वसूल होतात.

आकडा कमी आला म्हणून तळाखाली वायू नाही, असा निष्कर्ष काढू नये. गाळातील आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि सल्फेट वापरणारे जिवाणू मिळून वर येणाऱ्या मिथेनपैकी मोठा हिस्सा ऑक्सिजनविना फस्त करतात. पाण्यात पोहोचतो तो उरलासुरला भाग. याच प्रक्रियेतून तळावर कार्बोनेटचे कठीण थर तयार होतात, आणि उपकरण ओढत नेताना नेमकी त्यांचीच धडक बसते. संरक्षक पिंजऱ्याच्या पट्ट्या त्या मानाने कमकुवत आहेत. तळाला टेकल्यावर पडद्यावर बारीक चिखल चिकटतो आणि तो धुवेपर्यंत वाचन विश्वासार्ह राहत नाही, हीदेखील एक डोकेदुखी.

वायू सूक्ष्मजीवांचा की खोल थरांतील उष्णतेने तयार झालेला, हे सेन्सर सांगू शकत नाही. त्यासाठी नमुने घेऊन कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचे, प्रमाण तपासावे लागते आणि ते ठरावीक मानकापासून हजारी किती ढळले यावरून मांडतात: उणे ६० प्रतिसहस्रच्या खालचे मूल्य सहसा सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवते, पण वाटेत मिथेनचे ऑक्सिडीकरण झाले असेल, तर उरलेला वायू जड होऊन दिशाभूल करतो. त्यामुळे नमुना-बाटल्यांचा खर्च वाचवण्यासाठी कोणी हे उपकरण घेत असेल, तर त्याने घेऊ नये. सावकाश ओढण्याची किंवा तळावर काही काळ ठेवून नोंदी घेण्याची सोय असलेल्या पथकाला मात्र ते निश्चित उपयोगी पडेल. सुटा पडदा पहिल्याच खरेदीत सोबत मागवावा, कारण भर समुद्रात तो फाटला तर पुढची सर्व मोजमापे तेथेच थांबतात.