दारव्ह्यातील नेटवर्किंग वर्ग : द्विमान गणितातून सबनेटिंग

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यात चालणाऱ्या एका छोट्या संगणक वर्गात मी नेटवर्किंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यातील सबनेटिंगचा, म्हणजे एका मोठ्या जाळ्याचे लहान उपजाळ्यांत तुकडे पाडण्याचा, भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. बहुतेक ठिकाणी तयार तक्ते पाठ करून घेतले जातात. इथे मात्र सर प्रत्येक आयपी पत्ता (जाळ्यातील यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक) ३२ बिट्समध्ये, म्हणजे ० आणि १ अशा ३२ अंकांत, फळ्यावर मांडून घेतात.

१०.०.०.०/८ (/८ म्हणजे पत्त्याचे पहिले ८ बिट्स जाळ्यासाठी ठरलेले) या खाजगी वापराच्या जाळ्यात १,६७,७७,२१६ पत्ते असतात. त्याचे /२० चे तुकडे पाडले, तर ४,०९६ उपजाळी मिळतात आणि प्रत्येकात ४,०९४ यंत्रांना पत्ते देता येतात. १०.२०.७७.९ हा पत्ता यांपैकी कोणत्या उपजाळ्यातला, हे शोधताना ७७ म्हणजे ०१००११०१ लिहायचे, मास्कमधील (पत्त्याचे कोणते बिट्स जाळ्याचे, हे १ ने दाखवणारा आकडा) २४० म्हणजे ११११०००० त्याखाली मांडायचे आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा; उत्तर ६४ येते, म्हणून उपजाळे १०.२०.६४.० आणि त्याचा ब्रॉडकास्ट पत्ता (उपजाळ्यातील सर्व यंत्रांना एकदम संदेश पाठवण्याचा) १०.२०.७९.२५५. मास्क चौथ्या ऑक्टेटऐवजी (ऑक्टेट म्हणजे ८ बिट्सचा गट) तिसऱ्यात तुटला की विद्यार्थी हमखास अडखळतात, आणि नेमक्या याच जागी सर घाई करत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उणीव एकच, पण मोठी : आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, अधिक लांब पत्त्यांची पद्धत) जवळजवळ शिकवलेच जात नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, पॉलिटेक्निकला असलेल्या मुलामुलींना हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन.