गडचिरोलीची जनगणना पुस्तिका, नागपुरातून वापरणाऱ्यांसाठी

२०११ची ही जिल्हा पुस्तिका मोफत मिळते. भाग ‘अ’मध्ये गावनिहाय शाळा, दवाखाना, पाणी; ‘ब’मध्ये लोकसंख्या. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, माणसं १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४, आपल्या नागपूर जिल्ह्यात ४७०!

चूक हमखास होते ती रिठी गावांत. यादीत नाव असतं, लोकसंख्या शून्य. गावामागे सरासरी काढण्याआधी ती वगळाच, नाहीतर आकडा खाली येतो. नावावरूनही शोधू नका, एकाच नावाची गावं बरीच. सहा अंकी गावकोड धरा. गावपातळीवर याहून बारीक माहिती क्वचितच मिळते. आकडे मात्र जुने. आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट किती वेळा तुटली, ते ‘पक्का रस्ता’ या रकान्यात दिसत नाही.