बदली लॅम्प: तीन महिने वापरल्यानंतर

माझ्या प्रोजेक्टरचं चित्र पिवळट आणि मंद पडत गेलं, मग सिनेमा ऐन रंगात आला की तो आपोआप बंद व्हायला लागला. लॅम्पच गेला असं धरून हाउसिंगसकट (म्हणजे तो ज्या चौकटीत बसतो तिच्यासकट) नवा मागवला. तो येईपर्यंत हवेचा फिल्टर काढून पाहिला तर त्यावर गोधडीसारखा धुळीचा थर! उष्णता बाहेरच पडत नव्हती. फिल्टर साफ केल्यावर बंद पडणं थांबलं, मंदपणा मात्र तसाच राहिला. तो लॅम्पचाच दोष, ३००० तास उलटून गेले होते.

लॅम्प बसवायला सोपा. प्लग काढून, पूर्ण थंड होऊ देऊन मगच हात घाला आणि काचेला बोट लावू नका. पहिल्यांदा नुसता लाल दिवा लुकलुकला. झाकण घट्ट बसलं नव्हतं, आणि त्यामागचा सुरक्षा स्विच दाबला गेल्याशिवाय लॅम्प पेटतच नाही. आता पांढरा सदरा पांढराच दिसतो! तक्रार एकच: मेनूतून तासांचा काउंटर शून्यावर आणा, हे सोबतच्या कागदावर कुठेच नाही. त्यामुळे नवा लॅम्प बसवूनही ‘लॅम्प बदला’ हा इशारा मला आठवडाभर छळत होता.