मिरामारची संथ धाव की आल्तिनोचा चढ?

पणजीत सकाळी धावायचं ठरवलं की दोन वाटा दिसतात: मिरामारहून दोनापावलच्या दिशेने संथ, लांब धाव किंवा आल्तिनोच्या चढावर जीव खाऊन मारलेल्या छोट्या फेऱ्या. दोन्ही मी मन लावून केल्या आहेत.

चढावरची पहिली पावलं स्नायूंत साठलेल्या एटीपीवर, म्हणजे पेशींच्या तयार इंधनावर, निघतात. तो दोन-तीन सेकंदांत संपत येतो, मग एटीपी झटपट परत बनवून देणारा राखीव साठा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, हात देतं, तेही साधारण 10 सेकंदच. पुढे ऑक्सिजनची वाट न बघता ग्लुकोज फोडणं सुरू होतं. काम झटपट होतं, पण एका ग्लुकोजमागे जेमतेम 2 एटीपी मिळतात. ऑक्सिजन घेऊन पूर्ण जाळलं तर तेच 30च्या आसपास. मांड्यांत आग होते ती याच टप्प्यावर. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापर मात्र ग्लुकोज असं फोडताना तयार होणाऱ्या लॅक्टेटवर फोडू नये. ते तासाभरात निवळतं, शिवाय हृदय त्याचा इंधन म्हणून वापर करतं.

चढाच्या फेऱ्यांना वेळ कमी लागतो, आणि फुटबॉल खेळणाऱ्याला तर असाच जोर हवा असतो. माझा कौल फिरला तो मधल्या विश्रांतीमुळे. क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा बऱ्यापैकी भरायला तीन ते पाच मिनिटं जातात, आणि ते भरून देते ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणाच. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. कोपरांवरून ठिबकतो, मोजे पायाला चिकटतात, अंग काही निवत नाही. शरीर रक्त त्वचेकडे वळवतं आणि नाडी खाली यायचं नाव घेत नाही. पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत वळणाआड गेला तरी छाती धडधडतच असते. पुढची फेरी मग अर्ध्या ताकदीची होते. एप्रिल-मेमध्ये हे फार जाचतं.

संथ धावेत हे ताटकळणं नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. त्या वेगाला चरबी मोठा वाटा उचलते आणि ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेलं ग्लुकोज, पुरवून वापरलं जातं. स्नायू आणि यकृत मिळून त्याचा साठा अर्धा किलोच्या आसपासच असतो. दमट हवा इथेही छळते, पण वेग थोडा उतरवला की भागतं. नियमाने धावल्यावर स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारे पेशींतले भाग) वाढतात, त्यामुळे चढावरचा दमही लवकर भरून येतो.

हाताशी सकाळची वीसेक मिनिटंच असतील तर चढ निवडणाऱ्याला मी अडवणार नाही. डिसेंबर-जानेवारीत तो सुखाचाही वाटेल. बारमाही सवय लावायची असेल, तर आधी दोन-तीन महिने मिरामार धरावं असं मला वाटतं. आठवड्यातून एकदा आल्तिनो नंतर जोडता येतो. हृदयाचा त्रास असेल तर चढाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.