काचेआडचं ‘लिथोग्राफ’: जळगावात आमची झालेली फसवणूक

एका नामवंत समकालीन व्यक्तिचित्रकाराचं ‘लिमिटेड एडिशन लिथोग्राफ’ (दगडावरून मोजक्याच प्रती काढलेलं चित्र) म्हणून जळगावात आम्हाला ३८ हजारांना ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या साध्या यंत्रावर छापलेला कागद विकला गेला. चित्रकाराचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा यात काडीचाही संबंध नाही. पण हा माल खानदेशात अजून फिरतोय, म्हणून सविस्तर सांगतो.

आमचे अप्पा चाळीसगावला चित्रकलेचे शिक्षक होते. छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावात उमेदीची वर्षं गेली, माणसाच्या चेहऱ्यावर त्यांचा फार जीव. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून एका म्हाताऱ्या बाईचं हे चित्र घेतलं. भाड्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन-विक्री होती, विक्रेता मोठा आदबशीर. चित्राखाली ३७/१५० हा आकडा (दीडशे प्रतींतली सदतिसावी), शेजारी सही, मागे होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र. “फ्रेम उघडली तर प्रमाणपत्र बाद,” असं तो पुन्हा पुन्हा बजावत होता. सगळी मेख तिथेच होती.

पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरला, तेव्हा अप्पांनीच चित्र फ्रेमवाल्याकडे न्यायला लावलं. त्याने मागची टेप सोडवली, कागद बाहेर काढला, शेजारच्या सराफाकडून भिंग मागवलं आणि म्हणाला, “भाऊ, हाई तं छापेल शे. सही बी छापेलच शे.” मी भिंगाला डोळा लावला. बाईच्या गालावर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, बारीक फुलांच्या नक्षीत रांगेने बसलेले. लग्नपत्रिकेवरच्या फोटोत असतात तसेच. सहीची तीच गत, सलग रेघ कुठेच नाही. पेन्सिलीने लिहिलेला होता तो फक्त आकडा.

लिथोग्राफी म्हणजे दगडी छपाई. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डरने शोधलेल्या या पद्धतीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. दगड ओला केला की शाई फक्त त्या तेलकट रेघांना धरते. रंगीत चित्राला सहसा रंगागणिक वेगळा दगड लागतो. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगडावरचं चित्र घासून काढतात किंवा रद्द करतात, म्हणून तर त्या आकड्याला किंमत. भिंगातून खडूचा वेडावाकडा दाणा दिसतो. १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसच्या, दगडावरूनच छापलेल्या देवादिकांच्या चित्रांतही ठिपके सापडतील, पण ते कारागिरांनी हाताने दिलेले, विखुरलेले. ऑफसेटमध्ये फोटोचे जाळीतून पाडलेले ठिपके मात्र शिस्तीत उभे असतात.

चित्रकाराच्या स्टुडिओला आम्ही फोटो पाठवले. उत्तर आलं, या चित्राचं लिथोग्राफ कधी काढलेलंच नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “ऑफसेट म्हणजे लिथोग्राफीच की!” तेल-पाण्याचं तत्त्व एकच आहे, मान्य. पण इथे चित्राच्या फोटोवरून यंत्र हव्या तेवढ्या प्रती काढतं, चित्रकाराचा हात त्याला लागतच नाही. दीडशेचा आकडा टाकून त्याचे ३८ हजार घेणं ही सरळसरळ लबाडी आहे. त्यातही छापील सहीचा मला सर्वांत जास्त संताप येतो. बिलावर त्याने ‘सजावटीची फ्रेम’ एवढंच लिहिलं होतं. ‘दगडावरून काढलेली मूळ प्रत’ हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज मात्र आमच्याकडे आहे, आता तोच कामी येतोय.

जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही तक्रार दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत २ वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन पैसे घेऊन कुणी गंडवलं असेल, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

त्याच विक्रेत्याची जाहिरात आता धुळ्यात फिरते आहे, त्यातही हेच चित्र आहे. जायचंच असेल तर भिंग सोबत न्या आणि पैसे देण्याआधी कागद फ्रेमबाहेर काढून दाखवायला सांगा. ज्यांनी आधीच घेतलं असेल त्यांनी मागची टेप सोडवून सही तपासावी, आणि बिल, मेसेज, प्रमाणपत्र यांतलं काहीही फेकू नये.