स्वतंत्र ट्रॅकर यंत्र की लॅपटॉपवरील ट्रॅकर?

कार्स्टेन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा संगीतरचनेचा प्रोग्राम तयार केला, तेव्हापासून वरून खाली सरकणाऱ्या ओळींत स्वर आणि सॅम्पल (ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे) लिहून संगीत रचण्याची ही ट्रॅकर पद्धत टिकून आहे. याच पद्धतीने, संगणकाशिवाय चालणाऱ्या स्वतंत्र यंत्राची बटणे बोटांच्या लवकर अंगवळणी पडतात आणि पडद्यावर दुसरे काहीच लक्ष वेधत नाही, हे मला मनापासून आवडते. परंतु सांगलीत एका एकांकिकेचे पार्श्वसंगीत बांधताना माझे यंत्र ऐन तालमीत गोठले, जतन न केलेला पॅटर्न (लिहिलेल्या ओळींचा संच) गेला आणि फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) पुढच्या आवृत्तीने एक दोष काढून दुसरा आणला. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मिरजेत कारागीर आहेत. बंदिस्त फर्मवेअरला मात्र निर्मात्याखेरीज कोणी हात लावू शकत नाही. लॅपटॉपवर चालणारा मिल्कीट्रॅकर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, शिवाय ट्रॅकर-संगीताच्या जुन्या एक्सएम फायली त्यात थेट उघडतात. रिनॉइज हे दुसरे ट्रॅकर सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, पण प्लगइनची (बाहेरून जोडायच्या वाद्यांची व इफेक्ट्सची) सोय आणि आपोआप होणारे बॅकअप यांमुळे मोठ्या कामाला तेच अधिक योग्य ठरते. लॅपटॉप सोबत वागवणे जड जाते, एवढेच. प्रयोगाच्या रात्री संगीत बंद पडणे हा नटांवर अन्याय आहे, म्हणून रंगमंचासाठी मी लॅपटॉपच निवडेन आणि यंत्र घरी सुचलेल्या कल्पना टिपण्यापुरते ठेवीन.